चिखलाविना भात आणि फिरत्या पाण्याचा जमाखर्च

भाताचे पीक आणि चिखल यांचे साहचर्य आपल्या मनात इतके दृढ झालेले आहे की, मृगाच्या सरींनी भिजलेली खाचरे, नांगरटीनंतरची चिखलणी आणि गुडघाभर गाळात वाकून आवणाच्या जुड्या सोडवीत लावणी करणाऱ्या स्त्रियांची ओळ ही दृश्ये वगळून भाताची कल्पनाच आपल्याला करता येत नाही. परंतु जी गोष्ट सहस्रावधी वर्षे एकत्र नांदत आली ती परस्परांवाचून जगूच शकत नाही, असा सिद्धान्त त्यावरून निघत नाही. भाताच्या रोपाला मातीपासून नेमके काय हवे असते, हा प्रश्न शांतपणे विचारला तर उत्तर चार कलमांत देता येते. मुळांना उभे राहण्यास आधार, रोपाच्या पोषणासाठी क्षार, दोन पाळ्यांच्या मध्यंतरी टिकणारा पाण्याचा साठा, आणि साचलेल्या पाण्याखाली आपोआप होणारा तणांचा बंदोबस्त, ही ती चार कलमे होत. यांपैकी चौथे तर रोपाच्या गरजेपेक्षा शेतकऱ्याच्या सोयीचेच अधिक आहे. ही चारही कामे अन्य साधनांनी होऊ शकली तर भात मातीविना पिकेल, आणि ज्या पाण्याने तो एकदा भिजला तेच पाणी गोळा करून त्याला पुनःपुन्हा देता येईल. या शक्यतेचा इतिहास काय, तिची व्याप्ती किती आणि मर्यादा कोणत्या, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

वनस्पती मातीवाचून वाढविण्याचा शास्त्रीय प्रयत्न तीनशे वर्षांहून जुना आहे. जॉन वुडवर्ड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून आपले निष्कर्ष 1699 मध्ये प्रसिद्ध केले. पावसाचे पाणी, थेम्स नदीचे पाणी आणि बागेतील माती कालवलेले गढूळ पाणी यांची तुलना करता, जितके पाणी गढूळ तितकी रोपाची वाढ अधिक, असे त्याला आढळले. पाणी हे केवळ वाहन असून रोपाची वृद्धी त्यात विरघळलेल्या पार्थिव द्रव्यांवर अवलंबून असते, हे या साध्या प्रयोगातून सूचित झाले. वापरलेले, मळलेले पाणी हे वनस्पतीच्या दृष्टीने हीन नसून पुष्कळदा अधिक संपन्न असते, या आजच्या विचाराचेही बीज त्यात आहे. पुढे 1860 च्या सुमारास जर्मनीत यूलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी मोजक्या क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखविली आणि वनस्पतिपोषणाच्या शास्त्राला पक्का पाया मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेनिस होगलंड आणि डॅनिएल आर्नन यांनी 1938 मध्ये या पद्धतीवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली व त्या काळी वृत्तपत्रांनी उठविलेल्या अवास्तव आशांना आवर घालून, द्रावणातील पीक चांगल्या मातीतील पिकाहून स्वभावतः अधिक उत्पन्न देते असे नाही, हा प्रामाणिक निर्णय त्यांनी दिला. आपल्या देशातही हा विषय नवा नाही. 1946 मध्ये शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले, आणि त्यांतून निर्माण झालेली अल्पखर्चाची पद्धत बंगालच्या नावाने जगभर ओळखली गेली.

भाताच्या बाबतीत या विद्येचे खरे माहेरघर म्हणजे फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे 1960 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था होय. तेथील जपानी वनस्पतिशरीरशास्त्रज्ञ शोइची योशिदा आणि त्यांचे सहकारी यांनी भातासाठी सिद्ध केलेले पोषक द्रावण 1976 च्या त्यांच्या प्रयोगपुस्तिकेतून भातसंशोधनाच्या प्रयोगशाळांत सर्वत्र पोहोचले. दर दशलक्ष भाग पाण्यात नत्र 40 भाग, स्फुरद 10 भाग, पालाश, कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रत्येकी 40 भाग, लोह 2 भाग, आणि मँगेनीज, बोरॉन, मॉलिब्डेनम, जस्त व तांबे यांची अत्यल्प मात्रा, एवढाच त्याचा तपशील आहे. रोप आपल्या सबंध आयुष्याचा संसार किती थोड्या द्रव्यांवर उभारते, हे पाहून मन विस्मित होते. द्रावणाची आम्लता मात्र 5 या अंकाजवळ राखावी लागते. भाताला नत्र अमोनियमच्या रूपात विशेष मानवते, आणि अमोनियम शोषताना मुळे द्रावणात आम्ल सोडतात. त्यामुळे दररोज किंवा दिवसाआड मोजमाप घेऊन ती आम्लता दुरुस्त केली नाही तर तेच द्रावण थोड्या दिवसांत रोपाला बाधक होते.

जलसंवर्धनात अन्य पिकांच्या मुळांना हवा पुरविण्यासाठी यंत्राने बुडबुडे सोडावे लागतात. भाताने ही तजवीज आपल्या शरीरातच करून ठेवलेली आहे. त्याची पाने, खोड आणि मुळे यांतून हवेच्या पोकळ्यांची अखंड जाळी जाते व पानांनी घेतलेला प्राणवायू तिच्या द्वारे मुळांच्या टोकापर्यंत पोहोचतो. पाण्याखालच्या चिखलातील प्राणवायू थोड्याच अवधीत संपतो आणि तेथे गहू किंवा ज्वारी गुदमरून मरते, तरी भात तग धरतो, याचे रहस्य हेच आहे. खाचरातून उपटलेल्या भाताच्या मुळांवर तांबूस गंजासारखा जो थर दिसतो, तो या मुळांतून बाहेर झिरपलेल्या प्राणवायूने लोहाचे ऑक्सिडीकरण झाल्याची खूण आहे. म्हणजे चिखलात जगण्यासाठी निसर्गाने भाताला जे सामर्थ्य दिले, तेच त्याला चिखल सोडून निव्वळ पाण्यात जगण्यासही पात्र करते.

तथापि केवळ पाण्यात मोठ्या प्रमाणावर पीक उभे करणे सोयीचे नसते. मुळांना धरून ठेवणारे, ओल टिकविणारे आणि पाण्याचा निचरा होऊ देणारे एखादे माध्यम हवे असते. वाळू, बारीक खडी, विटांचा चुरा यांचा उपयोग पूर्वीपासून होत आला. परंतु भाताच्या प्रदेशात भाताचेच तूस हे उत्तम माध्यम हाताशी असते. साळीच्या वजनात साधारण एक पंचमांश वाटा तुसाचा, आणि तूस जाळले असता त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश राख उरते. म्हणजे 100 किलो साळीमागे 20 किलो तूस व 4 किलो राख, आणि त्या राखेतील फार मोठा भाग सिलिका असतो. हवा कोंडून तूस अर्धवट जाळले की त्याचा हलका, सच्छिद्र, काळा कोळसा होतो. रोपांच्या तबकांतील मिश्रणात हा कोळसा घालण्याची जपानी शेतकऱ्यांची रीत जुनी आहे.

सिलिकेचे भाताशी असलेले नाते या विषयाच्या मर्मस्थानी आहे. बहुतेक पिके ज्या द्रव्याकडे फारसे लक्ष देत नाहीत, ते भात अतिशय मोठ्या प्रमाणात शोषतो. हेक्टरी 5 टन उत्पन्न देणारे पीक जमिनीतून 230 ते 470 किलो सिलिकॉन उचलते, असा हिशेब डॉ. ना. कृ. सावंत आणि त्यांच्या दोन अमेरिकन सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडला. पाने ताठ उभी राहणे, खोड न लोळणे, करपा रोगाला प्रतिकार होणे ही सर्व कार्ये या द्रव्याने सुलभ होतात. द्रावणात नत्र, स्फुरद, पालाश सर्व योग्य मात्रेत असूनही सिलिका नसेल तर भाताची पाने लवतात आणि रोप रोगाला सहज बळी पडते. म्हणून माध्यमात तुसाची राख किंवा कोळसा घालणे म्हणजे पिकाने जे नेले ते पिकालाच परत करणे होय. याच सावंतांनी कोकणातील शेतकऱ्यांपुढे ठेवलेल्या चारसूत्री भातशेतीत तुसाची राख व पेंढा शेताला परत देणे हे पहिले सूत्र आहे, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाने विसरू नये.

कोकणाला सुलभ असे दुसरे माध्यम म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि सावकाश कुजतो. परंतु सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजविलेली असतील तर त्या भुशात सोडियम व क्लोराइड भरपूर साठलेले असते. गोड्या पाण्याने तो वारंवार धुतल्यावाचून वापरणे हे रोपाच्या मुळावर मीठ टाकण्यासारखेच ठरते.

मातीविना भात वाढविण्याचा सर्वात व्यवहार्य प्रयोग शेताच्या नव्हे तर रोपवाटिकेच्या क्षेत्रात झाला आहे, आणि त्याचे श्रेय प्रथम फिलिपाइन्सच्या शेतकऱ्यांकडे जाते. तेथील दापोग पद्धतीत केळीची पाने किंवा प्लास्टिक अंथरून त्यावर मोड आलेले बी दाट पसरतात, दिवसातून दोन वेळा पाणी शिंपडून हाताने हलकेच दाबतात, आणि दाण्यातील अन्नावरच पोसलेली रोपे 9 ते 14 दिवसांत चटईसारखी गुंडाळून शेतावर नेतात. एका हेक्टरच्या लावणीसाठी 30 ते 40 चौरस मीटर जागा त्यास पुरते. आपल्याकडे गादीवाफ्यासाठी हेक्टरी 10 गुंठे, म्हणजे सुमारे 1000 चौरस मीटर जागा धरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे यातील लाभ स्पष्ट होतो. जपानने लावणीच्या यंत्रासाठी तबकातील रोपांची पद्धत रूढ केली. त्यापुढची पायरी म्हणून तेथील शासकीय संशोधकांनी न विणलेल्या कापडावर फिरत्या पोषक द्रावणात वाढविलेली 6 मीटर लांबीची रोपांची चटई सिद्ध केली. ती गुंडाळून यंत्रावर चढविता येते, आणि मातीच्या तबकांचे ओझे वाहण्याचे कष्ट वाचतात. पर्यायी माध्यम आणि पुन्हा फिरविलेले पाणी या दोहोंचा संगम येथे प्रत्यक्ष शेतीच्या सेवेत झालेला दिसतो.

कोकणातील राबाची चाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सुधारणेचे मोल विशेष वाटेल. आवणाच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या रचून जाळावयाच्या व त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरावयाचे, ही ती चाल होय. या फांद्या तोडण्याच्या हक्कावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रयत आणि जंगल खाते यांच्यामध्ये तीव्र वाद झाले. राब हा शेतकऱ्याचा हट्ट नव्हता. तण व कीड जाळणे आणि रोपाला राखेतून पोषण देणे हे त्यामागचे व्यवहारज्ञान होते. परंतु तेच कार्य तुसाचा कोळसा, धुतलेला काथ्याचा भुसा आणि मोजके खत यांनी भरलेल्या तबकात साधत असेल, तर डोंगरावरचे झाड उभे राहू शकेल.

आता पाण्याकडे वळू. भात पाणी फार पितो असे आपण सरसकट म्हणतो, परंतु पिणे आणि गळणे यांत आपण भेद करीत नाही. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे 10,000 लिटर. उष्ण प्रदेशातील खाचरातून पानांच्या व पृष्ठभागाच्या वाटे दिवसाला सरासरी 6 मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले, तर 100 दिवसांत 60 लाख लिटर पाणी आकाशाला जाते. उत्पन्न 5000 किलो धरल्यास दर किलो साळीमागे हा खर्च 1200 लिटर पडतो. याखेरीज चिखलणीसाठी हेक्टरी निदान दहा-पंधरा लाख लिटर लागतात, आणि जमिनीत मुरणारे पाणी वेगळेच. चिकण मातीत हा झिरपा दिवसाला 1 ते 5 मिलिमीटर असतो, तर रेताड जमिनीत 25 ते 30 मिलिमीटरवर जातो. या सर्व रकमा मिळवून दर किलो साळीमागे सरासरी 2500 लिटर पाणी द्यावे लागते असा जो अंदाज भातशास्त्रज्ञ सांगतात, त्याची फोड अशी आहे.

या जमाखर्चातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पाणी गोळा करून पुन्हा देण्याची व्यवस्था झिरप्याची आणि वाहून जाणाऱ्या पाण्याची रक्कम वाचविते. पानांतून उडून गेलेली रक्कम ती उघड्या रानात कधीही वसूल करू शकत नाही. तळ बंद असलेल्या वाफ्यात किंवा तबकात भात लावला तर चिखलणी संपते, झिरपा शून्यावर येतो आणि मूळ खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग शिल्लक उरतो. उरलेला निम्मा ही प्रकाशसंश्लेषणाची अपरिहार्य किंमत आहे. पृष्ठभाग झाकून तीत थोडी काटकसर होईल, परंतु ती टाळता येणार नाही. नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक पाणी वाचविण्याच्या ज्या घोषणा मातीविना शेतीच्या संदर्भात कानांवर येतात, त्या उघड्यावरील भाताला लागू करताना हा हिशेब प्रथम मांडावा. शिवाय खाचरातून मुरलेले पाणी दरवेळी वायाच जाते असेही नाही. डोंगरउतारावरील वरच्या खाचराचे पाणी बांधाच्या वाटेने खालच्या खाचरात, तेथून त्याखालच्या खाचरात, आणि शेवटी विहिरीत व ओढ्यात उतरते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने पाण्याचा पुनर्वापर असा कोणत्याही यंत्रावाचून पिढ्यान्पिढ्या केलेला आहे.

यंत्राने तोच पुनर्वापर करण्याचा बोधप्रद दाखला कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो खोऱ्यात सापडतो. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील भातखाचरांतून निघणाऱ्या पाण्याबरोबर तणनाशके वाहू लागली. निचऱ्याच्या कालव्यात मासे मेले आणि सॅक्रामेंटो शहराच्या पिण्याच्या पाण्याला कडवट चव आल्याच्या तक्रारी झाल्या. तणनाशक वापरल्यावर ठराविक मुदतीपर्यंत पाणी शेताबाहेर सोडू नये, असा निर्बंध सरकारने घातला. तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी शेवटच्या खाचराच्या टोकाशी पाणी साठवून ते पंपाने पुन्हा पहिल्या खाचरात चढविण्याची व्यवस्था केली. औषधाचे विघटन शेतातच होऊ लागले, नदीतील प्रदूषण झपाट्याने उतरले आणि पाण्याबरोबर जाणारे खतही शेतात राहिले. शिक्षा म्हणून आलेला निर्बंध अशा रीतीने उपकारक ठरला.

परंतु फिरते पाणी जे जे बरोबर नेते ते सर्वच हितकर नसते. प्रत्येक फेरीत शुद्ध पाणी वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागे उरतात. भाताला पाण्यातील क्षारतेची विद्युत्‌वाहकता सुमारे 3 डेसिसीमेन प्रति मीटरपर्यंत सोसते, आणि त्यापुढील प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घटते. म्हणून पुनर्वापराच्या प्रत्येक व्यवस्थेत ही वाहकता नियमाने मोजणे, तिची नोंद ठेवणे आणि मर्यादा ओलांडली की पाणी बदलणे ही कर्तव्ये अनिवार्य आहेत. याच गुणधर्माचा संशोधकांनी उलट उपयोगही केला आहे. योशिदांच्या द्रावणात हेतुतः मीठ मिसळून त्यात तग धरणारी रोपे निवडण्याची रीत खाऱ्या जमिनीसाठी भाताचे वाण शोधण्यात उपयोगी पडते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या वाणांमुळे कोकणातील ज्या खाजणांत पीक येऊ लागले, त्यांच्या दृष्टीने ही विद्या परकी नाही.

याहून गंभीर प्रश्न विषारी धातूंचा आहे. 2006 मध्ये जपानमधील जियान फेंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या मुळांत सिलिका आत घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक शोधून काढले, आणि दोनच वर्षांनी असे सिद्ध झाले की आर्सेनिकही त्याच मार्गाने भातात शिरते. जे सामर्थ्य भाताला ताठ उभे करते तेच त्याला विष शोषण्यास प्रवृत्त करते, हे सत्य पश्चिम बंगाल व बांगलादेशातील आर्सेनिकयुक्त भूजलावर पोसलेल्या भाताच्या संदर्भात फार भयावह आहे. पुरेशी सिलिका दिल्यास आर्सेनिकचे शोषण कमी होते, हा त्यातील दिलासा होय. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या पाण्यातून खाणीतील कॅडमियम भातखाचरांत उतरले, आणि तो भात खाणाऱ्या शेकडो लोकांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदनांनी त्यांचा अंत झाला. 1968 मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. शहराचे वा कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करून भाताला द्यावयाचे असेल तर नत्र व स्फुरद यांचा लाभ मोजण्याआधी धातूंची परीक्षा झालीच पाहिजे.

आकाशाला गेलेले पाणीही परत मिळविता येईल काय, याचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण त्यासाठी आकाशच बंदिस्त करावे लागते. अमेरिकेतील ॲरिझोना येथील बायोस्फिअर 2 या काचेच्या बंद वास्तूत 1991 ते 1993 या काळात आठ माणसे राहिली. त्यांच्या आहारातील भात आतल्याच खाचरांत पिकत होता, आणि त्यांचे सांडपाणी पाणवनस्पतींच्या कुंडांतून शुद्ध होऊन शेताला मिळत होते. 2022 मध्ये चीनच्या अंतराळस्थानकात भाताचे बी पेरून, रोप वाढवून, ते निसवून पुन्हा बी हाती येईपर्यंतचे संपूर्ण जीवनचक्र सुमारे 120 दिवसांत पूर्ण झाले. तेथे शेतातला चिखल नव्हता, पाऊस नव्हता, आणि पाण्याचा थेंबही वाया जाऊ देण्याची मुभा नव्हती. तरीही लोंबीत दाणा भरला. भाताला चिखल अपरिहार्य नाही या विधानाला याहून निर्णायक पुरावा कोणता हवा?

मात्र जे शक्य ते सर्वत्र इष्ट असते असे नाही. भाताला प्रखर प्रकाश लागतो. दिव्यांखाली धान्य पिकविणे म्हणजे सूर्य जे विनामूल्य देतो ते वीज विकत घेऊन देणे होय, आणि पोटभर भात खाणाऱ्या कोट्यवधी माणसांसाठी हा सौदा परवडणारा नाही. होगलंड आणि आर्नन यांचा निर्णय आजही अबाधित आहे. चांगल्या मातीची जागा द्रावण घेऊ शकत नाही व त्याने ती घेण्याचे कारणही नाही. मातीविना भाताचे खरे स्थान प्रयोगशाळेत, बीजोत्पादनात, खारवट वा दूषित जमिनीच्या प्रदेशात आणि सर्वात अधिक रोपवाटिकेत आहे. पाण्याच्या पुनर्वापराचे स्थान मात्र प्रत्येक खाचरात आहे.

ज्यांच्या हाती चार गुंठ्यांचे का होईना खाचर आहे अशा वाचकांना म्हणूनच एवढेच सांगणे आहे. संपूर्ण शेती तबकात नेण्याच्या भरीस पडू नका, परंतु येत्या हंगामात आवणाचा एक भाग तुसाचा कोळसा आणि धुतलेला काथ्याचा भुसा यांच्या तबकांत वाढवून पाहा. त्याखालून निथळणारे पाणी गोळा करून पुन्हा द्या. ते किती गेले, किती परतले आणि किती खारट झाले याची नोंद ठेवा, आणि गिरणीतील तूस उकिरड्यावर फेकू नका. भाताने जमिनीतून जे नेले ते जमिनीला परत देणे आणि जे पाणी एकदा मिळाले ते दूषित न करता पुन्हा वापरणे, ही दोन कर्तव्ये चिखलातल्या शेतकऱ्यालाही तितकीच लागू आहेत, आणि ती आजपासून पाळता येण्यासारखी आहेत.